दोन धारा

आमच्या मशीन शॉपच्या मागच्या कोपऱ्यात एक छोटं ग्राइंडर होतं. 1983 पासून पुढची नऊ वर्षं, हिवाळ्यातल्या दर शुक्रवारी पाळी संपली की मी त्यावर माझ्या मुलाच्या स्केट्सना धार लावायचो. जन्मभर लेथवर काम केलेल्या माणसाला पातं घासणं काही अवघड नाही. पण स्केटचं पातं सुरीसारखं नसतं. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ काढायची असते आणि त्या पन्हळीच्या दोन कडांना दोन धारा येतात, एक आतली आणि एक बाहेरची. डावीकडे वळताना पोरगं एका धारेवर असतं, उजवीकडे वळताना दुसरीवर. दोन्ही धारा अगदी एका उंचीच्या हव्यात. एक जरी बोथट राहिली, तरी त्या बाजूला वळताना पाय सुटलाच म्हणून समजा. धार नीट लागली का, हे बघायचं तर अंगठ्याचं नख तिच्यावरून आडवं ओढायचं. नखाचा पांढरा भुगा निघाला की काम झालं.

मी स्वतः हा खेळ कधी खेळलो नाही. लालबागच्या चाळीत वाढलो, तिथं बर्फ बघायचा तो रसवंतीतल्या गोणपाटात गुंडाळलेल्या लादीचा. पण एका आइस हॉकीपटूची जवळजवळ सगळी कारकीर्द मी डोळ्यांनी पाहिली, आणि परक्या देशात कसं उभं राहायचं हे मला त्याच्याकडे बघून उमगलं. त्याचं नाव बोर्ये सालमिंग.

मी जानेवारी 1974 मध्ये टोरांटोला आलो. वय 25, आयटीआयचं टर्नरचं सर्टिफिकेट आणि परळच्या एका कारखान्यातला पाच वर्षांचा अनुभव. वडील गिरणीत साचेखात्यात होते. मी जातो म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "हात चालू ठेव, तोंड बंद ठेव." कॅनडाला तेव्हा कारागीर हवे होते. 1967 पासून तिथं शिक्षण, कसब, वय, भाषा यांचे गुण जोडून प्रवेश देत. शहराच्या पश्चिमेला मला काम लागलं. काम जमत होतं, माणसांत मिसळणं जमत नव्हतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे एकाच गोष्टीवर बोलायचे, शनिवारच्या सामन्यावर. मी डबा उघडून गप्प बसायचो. शेवटी भाड्याच्या खोलीत एक जुना टीव्ही आणला आणि शनिवारी रात्री 'हॉकी नाइट इन कॅनडा' लावायला लागलो.

पहिले काही आठवडे मला पक दिसायचाच नाही. काळ्या रबराची तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची चकती. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. पडद्यावर माणसं धावताना दिसायची, एकदम आरडाओरडा व्हायचा आणि गोल झाला हे मला सगळ्यांच्या नंतर कळायचं.

माझ्या शेजारच्या लेथवर पन्नाशीचा एक माणूस होता. उत्तरेकडच्या टिमिन्स गावचा, वडील तिथल्या सोन्याच्या खाणीत होते. मी मनात त्याला टिमिन्सकर म्हणायचो. त्यानं एक दिवस सँडविचच्या कागदावर रिंक काढून दाखवली. 200 फूट लांब, 85 फूट रुंद, मधोमध लाल रेघ, दोन्ही बाजूंना एकेक निळी. एका संघाचे गोलरक्षकासकट सहा जण. खेळाडू बर्फावर फार तर पाऊण मिनिट राहतो, मग कठड्यावरून बाहेर येतो आणि दुसरा आत उडी घेतो. खेळ थांबत नाही. "पाऊण मिनिटात असं कितीसं दमतो माणूस?" मी विचारलं. तो म्हणाला, "जीव तोडून जिना चढ आणि बघ." मग मी टोरांटोच्या संघातल्या 21 नंबरच्या बचावपटूबद्दल विचारलं. तोच एकटा मला पहिल्यापासून ओळखू यायचा, त्याचं सरकणं वेगळं होतं. टिमिन्सकरानं हात झटकला. "स्वीडिश आहे. टिकायचा नाही."

तेव्हा उत्तर अमेरिकेत युरोपातल्या खेळाडूंविषयी असंच बोललं जायचं. नॅशनल हॉकी लीगमध्ये जवळपास सगळे कॅनेडियन. स्वीडिश म्हणजे देखणा खेळणारा, पण अंगाला अंग लागलं की मागं सरणारा, असा सगळ्यांचा पक्का समज. 'चिकन स्वीड' अशी शिवी होती, मैदानातही आणि खुर्च्यांमधूनही.

हा 21 नंबरचा म्हणजेच सालमिंग. तो आला होता किरुनाहून. स्वीडनच्या पार उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वरचं, लोखंडाच्या खाणीचं गाव. वडिलांकडून तो सामी, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या मूळ लोकांपैकी. तो पाच वर्षांचा असताना वडील त्याच खाणीत अपघातात गेले. पुढं तो ब्रीनेस या संघाकडून स्वीडनमध्ये विजेतेपदं जिंकला. टोरांटो मेपल लीफ्सचा माणूस तिकडं एका गोलरक्षकाला बघायला गेला होता, त्याच्या नजरेत हा बचावपटू भरला. 1973 च्या ऑक्टोबरात, म्हणजे माझ्या तीन महिने आधी, तो आणि इंगे हामारस्ट्रॉम असे दोन स्वीडिश टोरांटोकडून खेळायला उतरले. त्याचा दुसराच सामना फिलाडेल्फियाशी होता. तो संघ मारामारीसाठी कुप्रसिद्ध. त्यांनी त्याला घेरलं, काठ्या मारल्या, ठोसे लगावले. तो मागं सरला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला हजर.

हे मला टिमिन्सकरानंच सांगितलं. "टिकायचा नाही" म्हणणारा हाच माणूस दर सोमवारी त्याच्याबद्दलच बोलायला लागला होता. कारण सालमिंग शॉट अडवायचा. कुणी पूर्ण ताकदीनं स्टिक उगारली की तो बर्फावर आडवा पडून अंग मध्ये घालायचा. ताशी शंभर मैलांच्या आसपास येणारी ती गोठलेली चकती बरगडीवर, घोट्यावर, मनगटावर घ्यायची आणि उठून पुन्हा खेळायचं. एका रात्री हे तो किती वेळा करतो, ते मी मोजायचो. एका हंगामात 80 सामने, निम्मे परगावी. आज इथं, रात्री विमान, उद्या दुसऱ्या शहरात. टीव्हीवर चमक दिसते. टिमिन्सकर म्हणायचा, "हाही पाळीवरच जातो रे, आपल्यासारखा."

ती वर्षं आमच्यासाठी वाईट होती. टोरांटोत भारतीय, पाकिस्तानी दिसला की 'पाकी' म्हणून ओरडायचं, रस्त्यात अडवायचं, मारायचं, असे प्रकार वाढले होते. टोरांटोच्या महानगर परिषदेनं वॉल्टर पिटमन यांच्याकडून चौकशी करवून घेतली आणि 1977 च्या नोव्हेंबरात त्यांचा अहवाल आला. मला अहवालाची गरज नव्हती. 1976 च्या मार्चमध्ये रात्रपाळी संपवून भुयारी रेल्वेच्या फलाटावर उभा असताना तीन पोरांनी मला भिंतीवर ढकललं. डबा पडला, भाजी सगळ्या फरशीवर. एक जण डब्यावर पाय देऊन गेला. फलाटावर दहाबारा माणसं होती, कुणी काही बोललं नाही. मी डबा उचलला आणि घरी आलो. लग्नाला चार महिने झाले होते. हिनं चेपलेला डबा बघितला आणि विचारलं, "परत जायचं का?" मला उत्तर देता आलं नाही. वडिलांचं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदा ते चुकीचं वाटलं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया टोरांटोत आलं. बाद फेरीचे सामने होते. पहिल्याच रात्री त्यांच्या एकानं सालमिंगला गाठून तोंडावर ठोशांमागून ठोसे मारले. प्रकरण इतकं विकोपाला गेलं की प्रांताच्या ॲटर्नी जनरलनं फिलाडेल्फियाच्या खेळाडूंवर खटले भरले. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. ही म्हणाली, "आता हा तरी परत जाईल." पुढच्या सामन्यात सालमिंगला पास मिळाला, समोर एकटा गोलरक्षक. त्यानं पक नेऊन वरच्या कोपऱ्यात गोल केला. लीफ्सच्या घरच्या रिंकमधला, मेपल लीफ गार्डन्समधला, तो आवाज आमच्या त्या जुन्या टीव्हीतून फुटून येत होता. ही उठून उभी राहिली होती.

पण मला सांगायचंय ते त्याच सप्टेंबरचं. 1976 मध्ये पहिला कॅनडा कप झाला. देश विरुद्ध देश. टोरांटोत कॅनडा आणि स्वीडन समोरासमोर येणार होते आणि टिमिन्सकराकडं दोन तिकिटं होती. त्याचा भाऊ येऊ शकला नाही. लेथ पुसता पुसता त्यानं दुसरं तिकीट माझ्या खिशात खोचलं. मी गार्डन्समध्ये प्रथमच पाऊल टाकत होतो. 1931 साली बांधलेली ती इमारत, उभे चढत जाणारे जिने, अगदी छताखाली करड्या खुर्च्या. तिथून बर्फ एवढा पांढरा दिसतो की डोळे दिपतात. खेळाडू टीव्हीवर वाटतात त्याहून वेगवान, आणि पात्याचा आवाज येतो. हा आवाज टीव्हीवर कधीच नीट येत नाही. टर्निंगला पहिला कट घेताना लोखंड जसं बोलतं, तसा तो आवाज.

सामन्याआधी स्वीडनचा संघ निळ्या रेघेवर ओळीनं उभा राहिला. छातीवर तीन मुकुट. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, सभ्यपणे टाळ्या पडत होत्या. मग सालमिंगचं नाव आलं आणि सबंध गार्डन्स उभी राहिली.

सामना कॅनडाचा होता. माणसं कॅनडाला जिंकवायला आली होती. त्याच्या अंगात त्या रात्री आमच्या संघाचा निळा मेपल लीफ नव्हता, दुसऱ्या देशाची जर्सी होती. तरी हजारो माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि त्या थांबत नव्हत्या. त्यानं मान खाली घातली, मग स्टिक थोडी वर केली. टाळ्या आणखी वाढल्या. मी बाजूला बघितलं. ज्यानं मला 'टिकायचा नाही' म्हणून सांगितलं होतं, तो टिमिन्सकर उभा होता, तेलानं काळवंडलेले दोन्ही हात डोक्याच्या वर, गाल ओले. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "आपला आहे तो."

परत येताना मी त्याच फलाटावर उतरलो. मार्चपासून मी मनाशी एक हिशोब करत बसलो होतो. इथं राहायचं तर काय काय सोडावं लागेल? भाषा, जेवण, चेहरा? त्या रात्री तो हिशोब मी टाकून दिला. तिथं उभा असलेला माणूस काहीही न सोडता उभा होता. स्वीडनसाठी खेळत होता आणि टोरांटोचाही होता. लोकांनी त्याला आपलं म्हटलं ते त्याच्या कामामुळं, तीन वर्षं अंगावर झेललेल्या शॉट्समुळं. घरी आल्यावर हिला म्हटलं, "परत नाही जायचं." पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याच वर्षी इथं मराठी कार्यक्रमांना आम्ही नियमानं जायला लागलो. आधी मी ते टाळायचो, कारण मला वाटायचं की तिकडं गेलो तर इकडं रुजणार नाही.

मुलगा सहा वर्षांचा झाल्यावर हॉकी खेळायचं म्हणाला. रिंकवर मुलांना वेळ मिळतो तो पहाटेचा. पाच वाजता अंधारात गाडीवरचा बर्फ खरवडायचा, थर्मासात आल्याचा चहा, मागं दमट सामानाची पिशवी. त्या पिशवीचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. कपडे बदलायच्या खोलीत बाप गुडघ्यावर बसून पोरांच्या नाड्या आवळत असतात. नाडी खालच्या भोकांत सैल आणि घोट्याजवळ घट्ट हवी. गारठलेल्या बोटांना ती ओढताना वळ पडतात. पहिल्या दिवशी सामान वाटणाऱ्यानं माझ्या मुलाला विचारलं, कुठला नंबर? "21," तो म्हणाला. खोलीतल्या आणखी दोन पोरांनाही 21 च हवा होता.

सालमिंगला त्याच्या कामाची किंमत मोजावी लागत होती, आणि तीही आम्ही बघत होतो. 1978 च्या बाद फेरीत न्यू यॉर्क आयलंडर्सविरुद्ध एका स्टिकचं टोक त्याच्या डोळ्याला लागलं आणि उरलेली मालिका त्याच्याविना खेळावी लागली. लीफ्स ती मालिका सातव्या सामन्यात जादा वेळेत जिंकले, पण लीगच्या विजेत्याचा स्टॅन्ली कप मात्र त्याला कधीच मिळाला नाही. 1967 नंतर तो टोरांटोला आजवर मिळालेला नाही. 1986 साली त्यानं पूर्वी कधीतरी कोकेन घेतल्याचं एका वर्तमानपत्राला सांगितलं आणि लीगनं त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी घातली. मुलगा नऊ वर्षांचा होता. त्यानं विचारलं, "बाबा, आता 21 काढायचा का?" मी म्हटलं, त्यानं चूक केली, ती स्वतःच्या तोंडानं सांगितली आणि शिक्षा भोगतोय. नंबर तसाच राहू दे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डेट्रॉइटविरुद्ध तो गोलसमोर पडला आणि एका प्रतिस्पर्ध्याच्या स्केटचं पातं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. कपाळापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत. 200 हून जास्त टाके पडले. वर्तमानपत्रात फोटो आला, चेहऱ्यावर आगगाडीच्या रुळांसारखे टाके. त्या शुक्रवारी मी ग्राइंडर चालू केलं आणि माझा हात थांबला. हे पातं काय करू शकतं, हे मला नखापुरतं ठाऊक होतं. मुलांना चेहऱ्यावर जाळी सक्तीची होती, तरीही मी घरी जाऊन हिला म्हटलं, बंद करू या का? उत्तर मुलानं दिलं, "तो परत खेळणारच आहे." आणि तो खेळला, त्याच हंगामात. मी पुन्हा धार लावायला बसलो. तेवढीच तीक्ष्ण. बोथट पात्यावर पोरगं पडतं, धारेवर उभं राहतं, हे मी तोवर शिकलो होतो.

1988 च्या जानेवारीत तो लीगमध्ये 1000 सामने पुरे करणारा युरोपात घडलेला पहिला खेळाडू झाला. टोरांटोत 16 हंगाम, मग डेट्रॉइटला एक. एकूण 1148 सामने, 150 गोल आणि 637 गोलांना हातभार. लीफ्ससाठी केलेले 620 असिस्ट हा त्या क्लबचा आजही विक्रम आहे. नंतर तो स्वीडनला परतला, आणखी तीन हंगाम खेळला आणि 1992 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये चाळिशीत देशाकडून उतरला. 1996 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये मान मिळालेला तो पहिला स्वीडिश खेळाडू. त्याच्यामागून आलेल्या युरोपीय खेळाडूंना कुणी 'टिकायचा नाही' म्हणायचं धाडस केलं नाही. ते दार त्यानं अंगावर मार खाऊन उघडलं होतं. टिमिन्सकर हे बघायला राहिला नाही, तो 1990 मध्ये गेला. त्याची मायक्रोमीटरची पेटी त्याच्या बायकोनं मला आणून दिली.

2022 च्या उन्हाळ्यात बातमी आली, सालमिंगला एएलएस झालाय. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जाण्याचा आजार. हात जातात, पाय जातात, बोलणं जातं, बुद्धी मात्र बहुतेकदा शाबूत राहते. नोव्हेंबरात तो टोरांटोला आला. मुलगा मुद्दाम घरी आला होता. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. तो बर्फावर उभा होता, त्याच्या एका बाजूला जुना कप्तान डॅरिल सिटलर, दुसऱ्या बाजूला त्याच्यामागून आलेला स्वीडिश खेळाडू मॅट्स सुंदीन. बोलता येत नव्हतं. हात उचलता येत नव्हता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्याला त्यांना उत्तर द्यायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. सिटलरनं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि वर केला. त्याच भेटीत एका रात्री लीफ्सनं सुरुवातीला बर्फावर जे खेळाडू उतरवले, ते सगळे स्वीडिश होते. माझ्या मुलाला या मांडणीचा अर्थ सांगावा लागला नाही. दोन आठवडेही झाले नसतील, 24 नोव्हेंबरला सालमिंग गेला. वय 71.

डिसेंबरात मी एकटाच मेपल लीफ गार्डन्सला गेलो. लीफ्सनं 1999 मध्येच ती इमारत सोडली. आता वरच्या मजल्यावर विद्यापीठाची रिंक आहे आणि खाली मोठं किराणा दुकान. दुकानाच्या फरशीवर एका जागी लाल ठिपका रंगवलेला आहे. जुन्या बर्फाचा केंद्रबिंदू बरोबर तिथं होता. माणसं गाड्या ढकलत त्यावरून जातात.

टिमिन्सकरानं काढलेला तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. त्या काळी मधल्या लाल रेघेपासून निळी रेघ 30 फुटांवर असे. माझं पाऊल अडीच फुटांचं, आयुष्यभर मापात काम केल्यानं तेवढं मला माहीत आहे. ठिपक्यावर उभा राहिलो आणि बारा पावलं मोजत गेलो. मध्ये आलेली एक मांडणी वळसा घालून ओलांडली. जिथं पोचलो तिथं सप्टेंबर 1976 च्या त्या रात्री स्वीडनचा संघ उभा होता की समोरच्या रेघेवर, हे मला आता आठवत नाही. म्हणून परत ठिपक्यावर आलो आणि उलट्या बाजूनंही बारा पावलं चाललो. दोन्ही ठिकाणी थोडा वेळ उभा राहिलो.

मग कोथिंबीर आणि आलं घेतलं आणि घरी आलो.